पॅरिसमधली दाढीची टंचाई

अण्णा, आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर परवा झेरॉक्सचं दुकान निघालं. दुकान कसलं, एक टपरी, तिच्यात एक यंत्र आणि यंत्रामागे सारखा घाम पुसणारा मालक. मुलं वर्गात यायचं सोडून तिथं रांग लावतात, कुणाच्या तरी वहीच्या प्रती काढतात आणि घरी जातात. स्टाफरूममध्ये त्यावरून मोठी खळबळ माजली आहे. आता शिकवण्यात काही राम राहिला नाही, असं कालपरवा नोकरीला लागलेले तरणे प्राध्यापकसुद्धा कपाळाला हात लावून म्हणतात. मी कोपऱ्यात चहा पीत ऐकत होते आणि मला एकदम असं हसू फुटलं की चहा पदरावर सांडला. काय झालं, काय झालं म्हणून सगळे विचारायला लागले. त्यांना काय सांगणार? ज्याला सांगावं असे एक तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन आता एक पिढी उलटली. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तुमचा तो पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा मला अजून दिसतो. कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, मधोमध घडी पडून अक्षरं पुसट झालेली. सांगलीच्या कॉलेजात तुम्ही इतिहास शिकवत होतात असं सगळे म्हणत, पण खरं म्हणजे तुम्ही तो सांगत होतात आणि मुलं उतरवून घेत होती. तास सुरू झाला की तुम्ही खुर्चीमागे उभे राहायचात, एक हात खुर्चीच्या पाठीवर, एका हातात कागद, आणि इंग्रजी वाक्यं सावकाश सोडायचात, स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्यासकट. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं सात. सहा नाहीत, आठ नाहीत. पाचव्या कारणाच्या समासात तुम्ही पेन्सिलीनं ‘येथे विनोद’ असं लिहिलं होतं. राजाच्या पोटावरचा तो विनोद दर वर्षी त्याच तासाला यायचा. थोरल्या भावांनी धाकट्यांना आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे मुलं तुमच्या आधीच हसून मोकळी व्हायची, आणि तुम्ही समाधानानं पुढच्या वाक्याकडे वळायचात. सवय इतकी अंगात भिनली होती की घरी जेवतानासुद्धा म्हणायचात, “आमटी उत्तम झाली आहे, कॉमा, पण...” आणि आई वाढता वाढता म्हणायची, “तिथंच फुलस्टॉप द्या. पणच्या पुढचं नको.”

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तुमच्याच वर्गात आले तेव्हा युद्ध संपलं होतं आणि कॉलेज एकाएकी फुगलं होतं. वर्गात बसायला जागा नाही, खिडक्यांत मुलं. गर्दीत मागच्यांना तुमचे स्वल्पविराम ऐकू जाईनात. ते “सर, रिपीट!” म्हणून ओरडायचे, आणि तुम्ही तेच वाक्य पुन्हा सांगेपर्यंत पुढचे कंटाळून वहीत घोडे काढायचे. अशा वेळी आमचे प्रिन्सिपॉलसाहेब पुण्याहून आले ते टांग्यात एक यंत्र घेऊनच. लष्करानं मोडीत काढलेल्या सामानात त्यांना ते मिळालं होतं. काळं, जडशीळ, एका बाजूला हँडल. सायक्लोस्टाइल. मेण लावलेल्या कागदावर टाइप करायचं, तो कागद रुळावर चढवायचा, शाई घालायची, हँडल फिरवायचं, की एकाच मजकुराच्या हव्या तेवढ्या प्रती. “प्रोफेसर,” प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, “आता मुलांचे हात मोकळे आणि तुमचा घसा मोकळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या वर्षाच्या नोट्स छापून टाका.”

कॉलेजच्या पत्र्याखाली मे महिन्यात मेणकागद वितळत होते, म्हणून ते यंत्र आपल्या घरी आलं. आणि घरात टेबल एकच, ते स्वयंपाकघरात. आई दारात उभी राहून बघत होती. “हे काय दळायचं आहे?” ती म्हणाली. “ज्ञान,” तुम्ही म्हणालात. “मग डबे बाहेर काढते,” ती म्हणाली, “पीठ उडेल.”

पीठ नाही, शाई उडाली. पहिल्याच दिवशी तुम्ही इतक्या उत्साहानं हँडल फिरवलंत की भिंतीवर, लोणच्याच्या बरणीवर आणि तुमच्या धोतरावर राज्यक्रांती झाली. छापलेले कागद ओले असायचे. ते वाळवायला जागा म्हणजे गच्चीतल्या बाजा, आणि त्या बाजांवर आईचे उडदाचे पापड. त्या उन्हाळ्यात एका बाजेवर पापड, शेजारच्या बाजेवर युरोप, आणि वारा आला की मी दोन्हीकडे धावायची. त्या वर्षी लग्नाकार्यात आपल्याकडून ज्यांच्या घरी पापड गेले, त्यांपैकी काहींच्या पापडांवर बोटाचा काळा ठसा होता. आईला ते मरेपर्यंत विसरता आलं नाही. टाइप तुम्ही स्वतः करत होतात, दोन बोटांनी, चष्मा कपाळावर ढकलून. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. चूक झाली तर ती बुजवायचं एक गुलाबी औषध होतं, त्याची बाटली तिसऱ्या कारणापर्यंतच पुरली.

जूनमध्ये मी दुसऱ्या वर्षाला, इंटरला गेले, कॉलेज उघडलं आणि पहिल्याच तासाला तुम्ही अख्खं वर्ष वाटून टाकलंत. प्रत्येकाच्या हातात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा. तुमचा चेहरा त्या दिवशी लग्नात लाडू वाढणाऱ्या माणसासारखा होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात, हजेरी घेतलीत, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलात, दुसरा हात वर आणलात, आणि त्यात काहीच नव्हतं. मी पहिल्या बाकावर मुलींत बसले होते. तुम्ही त्या रिकाम्या हाताकडे पाहिलंत. मग घसा खाकरलात. मग खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहिलंत.

शेवटी मागून तो उठला. पलटणीतून सुटून आलेला, मलकापूरचा शेतकऱ्याचा मुलगा, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला थोराड, मिशी राखलेला. कडक उभा राहून म्हणाला, “सर, इचारू का?”

“विचार.”

“नोटा गावल्या. लय झ्याक हायत. पर आता हितं बसून आमी करायचं काय?”

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही इतक्या प्रामाणिकपणे गोंधळलात की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. “वाचा,” तुम्ही म्हणालात. मग ती तुमची तऱ्हा झाली. तुम्ही गठ्ठा उघडून तेच मोठ्यानं वाचायचात आणि मुलं आपापल्या प्रतीवर बोट ठेवून मनातल्या मनात वाचायची, आरतीचं पुस्तक धरल्यासारखी. काही दिवसांनी खिडक्या मोकळ्या झाल्या. मग मागचे बाक. हजेरी झाली की मुलं वाकून, जोडे हातात घेऊन, दारातून सटकायची. तुम्हाला ते दिसत होतं. घरी आल्यावर तुम्ही त्या यंत्राकडे पाठ करून चहा प्यायचात.

दिवाळीनंतर साताऱ्याला मामांकडे लग्न होतं, ते आठवतं ना? तिथं नवं कॉलेज निघालं होतं आणि तुमचाच एक जुना विद्यार्थी इतिहासाला लागला होता. तो मांडवातच तुमच्या पाया पडला आणि म्हणाला, “सर, उद्या माझ्या तासाला पायधूळ झाडाच.” तुम्ही मलाही बरोबर नेलंत. आपण मागच्या बाकावर बसलो. समोर अजिंक्यताऱ्याचा उतार दिसत होता. तो बिचारा एक हात खुर्चीच्या पाठीवर, एका हातात कागद, हुबेहूब तुमच्यासारखा उभा राहिला आणि सावकाश सांगू लागला. मी ओळखलं. तुम्हीही ओळखलंत, कारण तुम्ही मिशीत हसलात. आपले कागद साताऱ्यापर्यंत पोचले होते. पाचव्या कारणाला त्यानं राजाच्या पोटाचा विनोदसुद्धा केला. आणि मग सहावं कारण आलं. पॅरिसच्या बायका राजाच्या महालावर चालून गेल्या, कॉमा, फॉर वाँट ऑफ बिअर्ड, फुलस्टॉप.

तुम्ही ताठ झालात. सगळा वर्ग खाली माना घालून लिहीत होता. “काय म्हणालात?” तुम्ही मागून विचारलंत.

“बिअर्ड, सर.”

“बिअर्ड?”

“हो सर. आपल्याच नोट्स आहेत,” तो अदबीनं म्हणाला आणि कागद घेऊन धावत आला. तिथं ते होतं, आपल्या स्वयंपाकघरातलं, तुमच्या दोन बोटांचं. आर हे अक्षर आपली जागा सोडून पुढे जाऊन बसलं होतं आणि ब्रेडचा बिअर्ड झाला होता, पावाची दाढी झाली होती. पॅरिसच्या बायका दाढी मिळत नाही म्हणून पावसातून राजवाड्यावर मोर्चा नेत होत्या, आणि ते सांगलीपासून साताऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं, लिहिलं होतं, पाठ केलं होतं. वर्गात मोठ्यानं वाचताना तुम्ही सवयीनं ब्रेडच म्हणाला असाल, पण आम्ही ऐकत होतो कुठं, आमची बोटं बिअर्डवर होती.

आपण परतीच्या गाडीत बसलो. रहिमतपूर गेलं, मसूर गेलं. आई डब्यातले बुंदीचे लाडू पुढे करत होती, ते तुम्ही घेतले नाहीत. कऱ्हाड आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात.

“तू वर्गात होतीस.”

“हो.”

“तू ते वाचलंस?”

“पाठ केलं.”

“मग तुला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं की,” मी म्हणाले. “मला वाटलं, तिकडे तशी पद्धत असेल. दाढी हा मान असेल, आणि राजानं तिच्यावर बंदी घातली असेल.”

आईनं पदर तोंडाला लावला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण दाढी कळली. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “म्हणजे इतकी वर्षं मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.” गाडी एका पुलावरून जात होती आणि त्या खडखडाटात तुम्ही ते वाक्य पुन्हा एकदा म्हणालात, कुणी ‘रिपीट’ म्हटलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात रिकाम्या हातांनी आलात. इंग्रजीत विचारलंत, पॅरिसच्या बायका राजाकडे का गेल्या? उरलासुरला वर्ग एका सुरात ओरडला, “फॉर वाँट ऑफ बिअर्ड, सर!” तुम्ही डोळे मिटलेत. मग, आजवर त्या वर्गात कधी झालं नव्हतं ते झालं. तुम्ही मराठीत बोललात.

“बायकांना दाढी कशाला हवी होती रे?”

मुलं गठ्ठे चाळू लागली, पण गठ्ठ्यात उत्तर नव्हतं. शेवटी तो मलकापूरचा उठला. “नवऱ्यांसाटी असंल, सर,” तो म्हणाला. “ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट.”

मग जो हशा उठला, अण्णा! समासात न लिहिलेला पहिला हशा. शेजारच्या वर्गातले संस्कृतचे शास्त्रीबुवा दारात येऊन उभे राहिले. तुम्ही स्वतः खुर्चीवर बसून, चष्मा काढून, डोळे पुसून हसत होतात. मी तुम्हाला असं हसताना त्याआधी पाहिलेलंच नव्हतं. हसू ओसरल्यावर तुम्ही फळ्यावर ब्रेड असं लिहिलंत आणि विचारलंत, “भाकरी मिळेना तर बायका काय करतात? पॅरिस राहू द्या. गावभागात, रेशनच्या दुकानासमोर काय करतात?” आणि सगळे एकदम बोलायला लागले. कुणाच्या आईनं किडक्या ज्वारीची पिशवी दुकानदारापुढे पालथी केली होती, कुणाची आत्या पहाटेपासून रांगेत दगड ठेवून जागा धरायची. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर तुमचं काय झालं कुणास ठाऊक. तुम्ही स्वतः रेशनच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. आई घाबरली, तिला वाटलं तुमची नोकरी गेली. “मला ऐकायचं आहे, बायका काय बोलतात,” तुम्ही म्हणालात. तुम्हाला बघून बायका बोलायच्याच थांबल्या. मग तुम्ही घरी येऊन आईलाच विचारलंत, आणि ती जे बोलली ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंत, “आमच्या घरच्या मंडळींचं मत असं, की राजा वाईट नसतो, मापाडी वाईट असतो.” ते मत वर्गाला इतकं पटलं की दोन तास त्यावरच गेले. मी मान वर करू शकत नव्हते. खिडक्या पुन्हा भरल्या. ज्यांनी इतिहास घेतलाच नव्हता अशीही मुलं येऊन बसायला लागली.

आणि अशात युनिव्हर्सिटीची तपासणी कमिटी आली. प्रिन्सिपॉलसाहेब त्यांना मोठ्या अभिमानानं सायक्लोस्टाइलवर छापलेले गठ्ठे दाखवून, आधुनिक पद्धतीनं शिकवतात ते बघा म्हणत आमच्या वर्गाकडे घेऊन आले. आत काय चाललं होतं? तुम्ही बाकावर मुलांत बसला होतात आणि प्रश्न असा होता, की राजवाड्याच्या फाटकावर पहारेकरी तू आहेस, समोरून भुकेल्या बायका येताहेत, गोळी घालशील का? मुलं तावातावानं भांडत होती. तो मलकापूरचा मिशीवरून हात फिरवत ऐकत होता. मग बसल्या जागेवरूनच म्हणाला, “हुकूम आला तर घालावी लागती, सर.” मिशीवरचा हात खाली घेऊन म्हणाला, “पर बाया समोर असल्या की बंदूक जड हुती. लय जड हुती.” त्यानं कुठं, काय पाहिलं होतं, ते त्यानं सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. तेवढ्यात दारातून एका कोटवाल्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं, की प्रोफेसर, ही कोणती भाषा?

तुम्ही उठून उभे राहिलात, धोतर झटकलंत आणि निर्मळ इंग्रजीत उत्तर दिलंत, “मराठी, सर. या भागात बोलतात.”

संध्याकाळी प्रिन्सिपॉलसाहेब घरी आले. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरलेला होता. व्हाइस-प्रिन्सिपॉलच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. “वर्गात इंग्रजीशिवाय एक शब्द चालणार नाही,” ते म्हणाले. “परीक्षा इंग्रजीत आहे. तुम्ही लेखी कबूल करा, मी नाव पाठवतो.” मला तुमचे कान लाल झालेले दिसत होते. तुम्हाला ती जागा किती हवी होती ते आम्हाला ठाऊक होतं; दिवाळीत तुम्ही नवा कोट शिवून घेतला होता तो त्यासाठीच. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, “विचार करून सांगतील. तोवर ते यंत्र मात्र आज घेऊन जा. मला टेबल हवंय.”

तुम्ही विचार करून सांगितलंत, ते असं: लिहून देत नाही. ती जागा केमिस्ट्रीवाल्यांना मिळाली आणि कोट माझ्या लग्नात वापरला. वर्गात मग नवी व्यवस्था सुरू झाली. दार उघडं असलं की इंग्रजी, दार लावलं की मराठी. मलकापूरचा दाराजवळ बसायचा आणि व्हरांड्यात जोड्यांचा आवाज आला की खोकायचा. तो खोकला की तुम्ही वाक्य जिथं असेल तिथून इंग्रजीत उडी मारायचात. एकदा त्याला खरंच पडसं झालं होतं तेव्हा आम्हा सगळ्यांचा भाषांतराचा फार चांगला सराव झाला.

निकाल काही डोळे दिपवणारा लागला नाही. मुलांना समजलं होतं पुष्कळ, पण इंग्रजीत लिहिता आलं तेवढंच कामाला आलं. चार जण गटांगळ्या खाऊन आले, त्यात तो दारावरचाही होता. निकालाचा कागद हातात घेऊन तुम्ही दिवसभर पायरीवर बसला होतात. तो सायकलवरून आला, पेढे घेऊन. “नापास झालास आणि पेढे?” तुम्ही म्हणालात. “इतिहासात सुटलो की, सर,” तो म्हणाला. “इंग्रजीत पडलो. त्याला तुमी काय करणार?” तुम्ही त्याला आत बोलावून जेवायला बसवलंत. इंग्रजी तुम्ही त्याला नंतर वर्षभर घरी शिकवलंत आणि तो दुसऱ्या खेपेला पास झाला. ती दाढी मात्र तुम्हाला शेवटपर्यंत उपटता आली नाही. सातारकरांना तुम्ही दुरुस्ती कळवलीत, पण तोवर कागद कुठं कुठं गेले होते देव जाणे. पुढे कितीतरी वर्षं कुणी ना कुणी परीक्षक भेटायचे आणि सांगायचे, यंदाही आली बरं का दाढी, या खेपेला सोलापूरहून.

हे पत्र कुठं टाकणार? वाचून घडी करून ठेवीन. पण जाता जाता एक सांगते, तुम्ही असताना सांगायची माझी टाप नव्हती. त्या वर्षी वर्गात मी फार प्रश्न विचारायची, आठवतं? तुम्ही एकदा आईला म्हणालातही, की पोरीला सरंजामदारांच्या करमाफीचा मुद्दा काही केल्या कळत नाही, पुन्हा पुन्हा विचारते. अण्णा, तो मला पहिल्याच दिवशी कळला होता. घरी तुम्ही मुलींशी बोलणाऱ्यातले नव्हतात. वर्गात मी उभी राहिले, “सर” म्हटलं, की तुम्ही माझ्याकडे तोंड करून, हातातलं सगळं बाजूला ठेवून, दहा दहा मिनिटं बोलायचात.